आमच्या माडांतून रापणवाले जातात, गडगा घालू का?

(पत्र बरंच मोठं होतं, थोडक्यात देतोय. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.)

पत्र लिहिणाऱ्या ताई ५४ वर्षांच्या, ठाण्यात राहतात. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. मालवण तालुक्यात अगदी दर्याला लागून त्यांची वडिलोपार्जित जागा आहे, सातबाऱ्यावर ३४ गुंठे. आजोबांच्या खरेदीखतात "पश्चिमेस समुद्र" असं लिहिलंय. समुद्राकडच्या माडांच्या दोन रांगा गेल्या काही वर्षांत पाण्याने खाल्ल्या. गावचे रापणवाले (किनाऱ्यावर उभं राहून मोठं जाळं, म्हणजे रापण, ओढणारे मच्छीमार) वर्षानुवर्षं याच जागेतून होड्या आणि जाळी नेतात, खाली पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, रापण ओढतात, मासळी सुकत घालतात, आणि आता मागोमाग टुरिस्टही घुसायला लागलेत. भाऊ बोस्टनला आहे, तो म्हणतो इथे ओहोटीच्या रेषेपर्यंत बीच प्रायव्हेट असतो, तू सरळ कंपाउंड घाल. चुलतभावाचं म्हणणं, एकदा वाट दिली की जागा गेली समज. एक एजंट म्हणतो वाळूपर्यंत चिऱ्याची भिंत घातलीत तर होमस्टेवाल्यांकडून दुप्पट भाव आणून देतो. ताईंनी रापणवाल्यांना एकदा टोकलं तर त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, "दर्या काय कोणाच्या सातबाऱ्यार असता?" ते ऐकून राग पण आला आणि लाज पण वाटली, असं त्या लिहितात. भिंत, म्हणजे गडगा, घालू का, आणि मी वाईट वागतेय का, असे दोन प्रश्न. शेवटी एक तिसरा छोटा प्रश्न आहे, त्याच्याकडे शेवटी येतो.

ताई, नमस्कार.

आधी त्या म्हातारीबद्दल. ती जे बोलली ते तुम्हाला टोमणा वाटलं, पण तो जवळपास जसाच्या तसा कायदा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम २०. त्यात रस्ते, नद्या, नाले यांच्या यादीत समुद्राचा, बंदरांचा आणि खाड्यांचा भरतीच्या रेषेखालचा तळ राज्य सरकारच्या मालकीचा आहे असं स्पष्ट लिहिलंय, कोणाचा वेगळा हक्क सिद्ध झाला असेल तेवढं सोडून. म्हणजे भरतीला पाणी येतं आणि ओहोटीला उघडी पडते ती ओली पट्टी, जिच्यावर रापण ओढतात, ती तुमची नाहीच, आजोबांचीही नव्हती. मग ती अडवायचा किंवा द्यायचा प्रश्नच तुमच्याकडे येत नाही. अर्धा राग इथेच उतरायला हरकत नाही.

आता खरेदीखतातलं "पश्चिमेस समुद्र". हे दोन शब्दांचं प्रकरण कोकणात किती भावाभावांना कोर्टात घेऊन गेलंय ते मी वीसेक वर्षं तालुक्याच्या कोर्टात बघितलंय. प्रत्येकाच्या मनातला समुद्र वेगळा असतो, विकणाऱ्याचा ओहोटीचा, घेणाऱ्याच्या शेजाऱ्याचा उधाणाचा. पण वेगळी सनद किंवा सरकारने दिलेला पट्टा हातात नसेल तर खतातला समुद्र म्हणजे भरतीच्या रेषेपासूनचा समुद्र, असंच धरून चाला. खाजणं, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या खाऱ्या जमिनी, बांध घालून लागवडीखाली आणायला पूर्वी सरकारने पट्टे दिलेले आहेत, तशा जागांची गोष्ट निराळी असते, पण तुमच्या पत्रात तसा कुठला कागद दिसला नाही. घरात जुनी ट्रंक असेल तर एकदा उघडून बघा मात्र.

तुमच्या पत्रातलं दुसरं गृहीतक म्हणजे सातबाऱ्यावर ३४ गुंठे म्हणजे जागेवर ३४ गुंठे. माडांच्या दोन रांगा गेल्या असं तुम्हीच लिहिताय! सातबाऱ्याला डोळे नसतात हो, समुद्राने काय खाल्लं ते त्याला कोणी जाऊन सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि आकार, म्हणजे जमिनीचा सारा, इतका किरकोळ असतो की सांगायला कोणी जात नाही. जमीन वाहून गेली तर आकार कमी करून मागायची सोय महसूल कायद्यात आहे, पण कोकणात पाण्याखालच्या जमिनीचा सारा निमूट भरणारी घरं भरपूर आहेत, वर अभिमानाने सांगतात की आमची जागा त्या बोयापर्यंत होती. शिवाय सातबारा हा मालकीचा शेवटचा पुरावा नाही, चुकीचा सिद्ध होईपर्यंत तो बरोबर मानतात एवढंच, आणि फेरफार नोंदीने मालकी मिळत नाही हे सुप्रीम कोर्टाने किती वेळा सांगितलंय. उद्या एजंटच्या नादाने ३४ गुंठे म्हणून विकलेत आणि मोजणीत २२ भरले तर घेणारा एजंटला नाही, तुम्हाला धरणार.

म्हणून सगळ्यात आधी मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज द्या, आता ऑनलाइन पण होतो. गाव नकाशा आणि जुनं टिपण (जुन्या मोजणीची नोंद) काढा, कारण सातबाऱ्यावर नुसतं क्षेत्र असतं, हद्दी नकाशात असतात. आणि मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा, चुलतभावाला पाठवू नका.

मोजणीच्या आधी एक काम तुम्ही फुकटात करू शकता. अमावस्या नाहीतर पौर्णिमा बघून जा, उधाणाची भरती असते तेव्हा, आणि पाणी कुठवर चढतं ते बघा. मग दुसऱ्या दिवशी ओहोटीला त्याच जागी उभं राहून मर्यादवेल कुठून सुरू होते ते बघा, ती जांभळ्या फुलांची, दुभंगलेल्या पानांची, वाळूवर पसरलेली वेल. आपल्या लोकांनी तिला नाव काय दिलंय बघा ना, मर्यादवेल. सरकारी तज्ज्ञ भरतीची रेषा आखताना एका दिवसाचं पाणी धरत नाहीत, वाळूची चढण, कायमचा झाडोरा कुठून लागतो, अशा खुणा बघतात, म्हणजे गावाने वेलीला जे नाव दिलं तेच काम ते उपकरणं घेऊन करतात. तुमची मर्यादवेल माडांच्या आत आली असेल तर जागा किती राहिली याचा अंदाज मोजणीदार यायच्या आधीच येईल. (फोटो काढून ठेवा, तारखेसकट. पुढे उपयोगी पडतात.)

आता भाऊ. बोस्टनबद्दल तो खोटं बोलत नाहीये. मॅसॅच्युसेट्समध्ये १६४० च्या दशकातला वसाहतीच्या वेळचा एक नियम अजून चालतो, त्याने किनाऱ्यावरच्या मालकाची हद्द ओहोटीच्या रेषेपर्यंत गेली, कारण त्यांना लोकांनी स्वतःच्या खर्चाने धक्के बांधायला हवे होते. पण त्याच नियमात मासेमारी, पक्ष्यांची शिकार आणि होड्यांची ये-जा हे लोकांचे हक्क राखून ठेवलेत! म्हणजे तिकडेही मालक तुमचा भाऊ असता तरी जाळं घेऊन आलेल्या माणसाला त्या ओल्या पट्टीवरून हाकलता आलं नसतं, हाकलता आला असता तो नुसता फिरायला आलेला टुरिस्ट. त्याला हे कळवा, आणि आपल्याकडे हे लागू नाही हे पण कळवा.

आपल्याकडचं कोर्ट याच्या पुढे गेलंय. मनालीला बियास नदीचा प्रवाह वळवणाऱ्या एका मोटेलच्या केसमध्ये, कमलनाथ खटला म्हणतात त्याला, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर १९९६ मध्ये सांगितलं की वाहतं पाणी, समुद्र, समुद्रकिनारा या गोष्टी सरकारकडे लोकांच्या वतीने विश्वस्त म्हणून असतात. म्हणजे सरकारसुद्धा त्या ओल्या पट्टीचं तुमच्या-माझ्यासारखं मालक नाही. मग २००९ मध्ये गोव्यात दोनापावलाजवळच्या एका मोठ्या हॉटेलच्या केसमध्ये हेच तत्त्व लावून सांगितलं की किनाऱ्यावर जायची लोकांची वाट बंद करता येणार नाही, वाटेवर वाढवलेलं बांधकाम पाडा. नंतर गोवा सरकारने कायद्यात बदल करून ते बांधकाम वाचवलं, पण तेवढी ताकद तुमच्या होमस्टेमागे उभी राहील असं मला वाटत नाही.

पण एक फरक नीट समजून घ्या, कारण इथे रापणवाल्यांच्या बाजूचे लोक पण घोळ घालतात. ओली पट्टी सगळ्यांची आहे म्हणून तिथवर कोणाच्याही माडांतून जायचा हक्क आपोआप मिळत नाही. गोव्याच्या त्या केसमध्ये जागा देतानाच वाट मोकळी ठेवायची अट होती. तुमच्या बाबतीत प्रश्न भरतीच्या रेषेच्या वरच्या, खरोखर तुमच्या असलेल्या पट्ट्यातून जाणाऱ्या पायवाटेचा आहे, आणि तिथे बघायचं ते वहिवाटीचं.

चुलतभाऊ म्हणतो वाट दिली की जागा गेली. नाही हो. वहिवाटीचा हक्क म्हणजे जायचा हक्क, खालची जमीन तुमचीच राहते, माड तुमचे, नारळ तुमचे. आणि गंमत अशी की त्याचं म्हणणं नेमकं उलटं आहे. १८८२ चा सुविधाधिकार कायदा आहे, त्याच्या कलम १५ प्रमाणे वीस वर्षं सलग, उघडपणे आणि हक्काने वापर झाला तर वाटेचा हक्क पक्का होतो. हक्काने, म्हणजे परवानगी न मागता. जो तुमची परवानगी घेऊन जातो त्याचा वापर कितीही वर्षं चालला तरी त्यातून हक्क उभा राहत नाही, ती नुसती मुभा असते. म्हणजे गप्प बसून मनात कुढत राहणारा मालक हक्क गमावतो आणि "जा बाबांनो, माझी हरकत नाही" असं लिहून देणारा सांभाळतो! हे ऐकून माझे अर्धे अशील माझ्याकडे संशयाने बघायचे.

अर्थात तुमच्या बाबतीत ती वेळ बहुतेक गेलेली आहे. "वर्षानुवर्षं" असं तुम्हीच लिहिलंय. तुमच्या आजोबांच्या वेळेपासून रापण त्याच वाटेने खाली उतरत असेल आणि कोणी कोणाला विचारत नसेल, तर तो हक्क आधीच पिकलेला असण्याची शक्यता धरून चाला. त्यात कलम १८ मध्ये गावच्या रूढीने आलेल्या हक्काला पण जागा आहे. इंग्लंडात वॉल्मर नावाच्या गावच्या मच्छीमारांनी १९०५ मध्ये अशीच केस जिंकली होती, किनाऱ्यावरच्या खाजगी जागेत जाळी सुकवायची त्यांची जुनी रूढी कोर्टाने मानली आणि मालकाला तिथे घरं बांधायला अडवलं. आपल्या महसूल संहितेतही कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्ज नावाच्या नोंदीची सोय आहे, खाजगी जमिनीतून जायची वाट, मासेमारीचे हक्क वगैरे गावच्या रूढी त्यात लिहायच्या असतात. तलाठ्याकडे विचारा तुमच्या गावाची अशी काही नोंद आहे का. विचारल्यावर तो तुमच्याकडे जरा विचित्र बघेल, बघू दे.

भिंत घातलीत तर काय होईल ते पण सांगतो. पहिल्याच आठवड्यात रापणवाले मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे अर्ज करतील, वाट अडवल्यापासून सहा महिन्यांत करायचा असतो आणि ते दुसऱ्या दिवशीच करतील कारण त्यांचा सीझन थांबलेला असेल. तो एक. दुसरं म्हणजे सीआरझेड, किनारा नियमन क्षेत्राचे नियम. इथे पण लोकांचा गोंधळ होतो म्हणून सांगतो, सीआरझेड तुमची मालकी काढून घेत नाही, मालकी तुमच्याकडे ठेवून हात बांधतं. २०११ च्या नियमांत गावठाणाबाहेरच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीच्या रेषेपासून २०० मीटर ना विकास क्षेत्र आहे. २०१९ च्या नियमांनी ते ५० मीटरवर आणलं पण फक्त जिथे लोकसंख्येची घनता २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २१६१ च्या वर आहे तिथे, बाकी ठिकाणी २०० च, आणि नवीन नियम लागू होतात ते त्या भागाचा किनारा व्यवस्थापन नकाशा मंजूर झाल्यावर. एजंट तुम्हाला "आता पन्नासच मीटर झालं मॅडम" असं सांगणार, नव्हे सांगून झालं असेल. त्याला म्हणावं नकाशा दाखव. जुन्या अधिकृत घराची आहे त्या मापात दुरुस्ती करता येते, पण वाळूपर्यंत चिऱ्याची नवी भिंत म्हणजे बांधकाम. केरळात मराडूला जानेवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने चार टोलेजंग गृहसंकुलं स्फोटकं लावून पाडली ती सीआरझेड मोडलं म्हणूनच, आणि आत राहणाऱ्यांनी फ्लॅट रीतसर विकत घेतले होते.

आणि त्याच नियमांत, तुम्हाला आवडणार नाही कदाचित, मासळी सुकवायच्या आणि जाळी दुरुस्त करायच्या जागांना किनाऱ्यालगत मुभा आहे. नियम करणाऱ्यांनी त्या पट्ट्यात कोणाला धरलंय आणि कोणाला लांब ठेवलंय ते त्यावरून कळतं.

तिसरं, समुद्र. हे कायद्याचं नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. सरळ उभ्या भिंतीवर लाट आपटली की तिचा जोर खाली जातो आणि भिंतीच्या पायाची वाळू उपसते, वाळू गेली की पाणी अजून जवळ, मग भिंतच कलते, आणि भिंतीच्या दोन्ही टोकांना शेजाऱ्याची जागा जास्त वेगाने खाल्ली जाते. माझ्या एका अशिलाने हौसेने गडगा घातला होता, चांगला छातीएवढा. दोन पावसाळ्यांनी चिरे पुळणीवर पडलेले, रापणवाले त्यावर बसून जाळी शिवत होते. वर शेजाऱ्याचा दावा. त्यापेक्षा तुमच्या हद्दीत मर्यादवेलीच्या वरच्या अंगाला केवडा लावा, आतल्या बाजूला साधी वई, म्हणजे कुंपण, घाला. केवड्यातून टुरिस्ट जात नाही, अनुभव आहे.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असतो तर मोजणी झाल्यावर रापण संघाच्या दोन जाणत्या माणसांना घरी चहाला बोलावलं असतं. भिंतीबद्दल बोलायचं नाही, वाटेबद्दल बोलायचं. सध्या ते बहुतेक जागेच्या मधून कुठूनही जात असतील. सुविधाधिकार कायद्याच्या कलम २२ ने मालकाला एक चांगली गोष्ट दिलीय, वाटेच्या हक्कवाल्यांचं नुकसान होत नसेल तर वापर एका ठरावीक पट्ट्यापुरता ठेवा असं तुम्ही म्हणू शकता. दक्षिणेकडच्या किंवा उत्तरेकडच्या हद्दीने, होडी दोन्ही बाजूंनी माणसं धरून नेतील एवढी रुंद, किती फूट ते त्यांनाच विचारा, ऑफिसात बसून आठ फूट ठरवू नका आणि नंतर होडीची उलांडी (तोलासाठी बाजूला बांधलेलं लाकूड) अडकली म्हणून भांडू नका. कोणत्या महिन्यांत, गाडी आणायची की नाही, पडलेले नारळ कोणाचे (हसू नका, यावरूनच जास्त भांडणं होतात) हे सगळं बोलून घ्या आणि स्टँप पेपरवर लिहा, नकाशा जोडा, दोन पंचांच्या सह्या घ्या. "मालकीणबाईंच्या परवानगीने" असे शब्द ते मान्य करतील तर उत्तमच. नाही करणार, कारण त्यांचेही वकील आहेत आणि त्यांना वाटणार आमच्या आज्यापणज्याचा हक्क आम्ही एका शब्दात घालवला. मग तिथे हटून बसू नका. "पूर्वापार वहिवाटीची वाट या पट्ट्यातून राहील, उरलेल्या जागेतून जाणार नाही, जमिनीची मालकी अमुक यांची" असं लिहा. तुम्हाला उरलेली जागा मोकळी मिळते, त्यांना वाट पक्की मिळते.

टुरिस्ट हा वेगळा विषय आहे, त्यांना रापणवाल्यांच्या हक्काच्या पाठीला चिकटून येता येत नाही. मच्छीमारांची वहिवाट ही मच्छीमारांची. बोर्ड लावा, फाटक लावा ज्याची कडी रापणवाल्यांना माहीत असेल. आणि सार्वजनिक पाखाडी, म्हणजे खाली उतरायची पायवाट, जवळपास कुठे आहे ते ग्रामपंचायतीला विचारून त्या दिशेचा बाण बोर्डवर काढा, लोक मुद्दाम घुसत नाहीत, त्यांना रस्ता सापडत नसतो.

कधीतरी सरकारकडूनच नोटीस आली, की ही पट्टी सरकारी आहे तुमचा हक्क सांगा, तर महसूल संहितेच्या कलम २० खाली कलेक्टरची चौकशी असते आणि आदेश विरुद्ध गेला तर दिवाणी दाव्याला एक वर्ष मिळतं, त्यानंतर दावा ऐकतच नाहीत. मुंबईच्या पत्त्यावर नोटिसा येतात, वॉचमनकडे पडून राहतात आणि वर्ष निघून जातं, हे मी किमान चार वेळा बघितलंय. गावच्या आणि ठाण्याच्या दोन्ही पत्त्यांची नोंद करून ठेवा.

वाईट वागताय का विचारलंत. टोकलंत तेव्हा तुम्हाला यातलं काही माहीत नव्हतं, तुमच्या हातात एक कागद होता आणि कानाशी तीन पुरुष होते. पुढच्या वेळी गेलात की त्या म्हातारीकडे जाऊन बसा, वाट किती जुनी आहे हे गावात तिच्याइतकं कोणाला ठाऊक नसणार, आणि तुमची पश्चिमेची हद्द तुमच्या आजोबांच्या वेळी कुठे होती हेही. मोजणीवाल्याला पण तिच्याशी बोलू द्या. वाटेचा दावा झालाच तर ती साक्षीला विरुद्ध बाजूने उभी राहील हे खरं, पण मग दावाच होऊ नये असं बघा ना.

आता तिसरा प्रश्न, वादळात पडलेल्या दोन माडांची भरपाई. तलाठ्याला लेखी कळवून पंचनामा झाला असेल तरच काही हातात येईल, आणि माड उभे होते ती जागा तुमच्या नावावर असावी लागते. बाबांच्या नावाचा सातबारा अजून तसाच असेल तर वारसनोंद आधी करून घ्या, बोस्टनच्या भावाचं नाव पण लागेल त्यात, त्याची सही कुरिअरने मागवायला वेळ लागतो. आणि ते पडलेले माड अजून पुळणीवर आडवे असतील तर मे महिन्याची वाट न बघता उचलून घ्या, रापण ओढताना जाळं त्यात अडकतं.